बाकबोर

सोमवारी बापाची दाढी अर्धीच झालेली.
उजवा गाल घासलेल्या पातेल्यासारखा लख्ख,
डाव्यावर पांढरे खुंट तसेच.
म्हटलं, पापा, राहिलंय.
आरशात नीट बघून म्हणाला, कुठं?

क्लाक्सविकच्या इस्पितळात बेइंतानं समजावलं होतं:
डोळे शाबूत आहेत, हातही हलतो थोडाफार.
फक्त डावी बाजू त्याच्या लेखी उरलेली नाही.
आंधळा नाही तो.
तिकडं काही असतं, हेच विसरलाय.

एकेचाळीस वर्षं सुकाणूवर काढली यानं,
आइसलंडच्या खालून, ग्रीनलंडच्या कडेकडेनं,
बर्फ, धुकं, मासळी, पुन्हा धुकं.
घरी आला की घराचंही गलबत करायचा:
चूल नाळेकडं, अंथरुणं पिछाडीला,
साखर स्टिरिबोरच्या फळीवर,
ओले बूट बाकबोरला, आणि तेही दाराबाहेर.
कुणी डावं-उजवं म्हटलं की चिडायचा.
"डावं-उजवं माणसाचं, रानवा.
माणूस वळला की तेही वळतं.
जहाजाच्या बाजू जहाजाच्याच,
तू कुठंही तोंड कर."

बाकबोर का म्हणायचं, मी एकदा विचारलं.
जाळं विणायची सुई खाली न ठेवता त्यानं सांगितलं:
जुन्या होड्यांचं सुकाणू मागं नसायचं,
उजव्या कुशीला बांधलेलं, रुंद वल्ह्यासारखं.
दोन्ही हातांनी ते धरून उभं राहिलं
की डावी फळी आपसूक पाठीमागं.
बाक म्हणजे पाठ. बोर म्हणजे फळी. झालं.

भांडी विसळता विसळता आई म्हणाली,
"म्हणजे आम्ही सगळे बाकबोरलाच की."
तो हसला.
ती नाही.

आता ताटात उकडलेले बटाटे, वाळवलेलं मटण,
रुबार्बचा मुरांबा.
उजवं अर्धं तो पुसून खातो आणि विचारतो,
एवढंच? बोटी आल्या नाहीत का यंदा?
मी ताट अर्ध्यानं फिरवते.
त्याला वाटतं, वाढलं.

पहिले काही दिवस मी त्याच्या डावीकडं बसले,
सवयीनं.
तो खिडकीला म्हणायचा, रानवा आली नाही अजून.
मी उठून टेबलाला वळसा घालून समोर यायचे
आणि दारातून आल्यासारखा कोट झटकायचे.

बेइंता म्हणाली, टेबलाच्या डाव्या कडेला
लाल फीत चिकटव.
लाल दिसेपर्यंत नजर ओढायला सांग त्याला.
बाकबोरचा दिवाही लालच असतो.
तिनं ते मनात धरून सांगितलं की नाही, विचारलं नाही;
खलाशाच्याच घरातली ती.

फीत चिकटवली. डावीकडं बघ म्हटलं.
दहादा म्हटलं.
तो मान डोलवायचा आणि खिडकीबाहेर
मेंढ्या मोजत बसायचा.

आज पाऊस आडवा येत होता, मेंढ्याही दिसत नव्हत्या.
मी पुन्हा डावीकडं जाऊन बसले.
बराच वेळ बसले.
आठवत होतं त्यानंच कधीतरी सांगितलेलं,
की सुकाणू धक्क्यावर चेपू नये म्हणून
जुन्या होड्या किनाऱ्याला लागायच्या
त्या पाठीकडच्याच बाजूनं.

मग आवाज काढला,
जरा पातळच निघाला:
"बाकबोर, दहा!"

"बाकबोर दहा," तो म्हणाला.
हुकूम परत म्हणायचाच असतो,
ऐकल्याची ती पावती.
आणि मान वळायला लागली,
भरलेलं जहाज वळतं तशी,
आधी काहीच नाही,
काहीच नाही,
मग ताटाची कड, काटा,
लाल फीत,
माझी बाही,
मी.

"तू कधीपासून बसलीयस इथं?"

"आत्ताच आले," म्हटलं.

डावीकडच्या बटाट्यात त्यानं बोट खुपसलं.
"मग हा गार कसा?"